माघारी आलेली ओटी

आधीच सांगून ठेवतो, ह्या सगळ्यात माझी चूक निम्मीसुद्धा नव्हती. हसू नका. चहा येईस्तोवर ऐका आणि मग तुम्हीच सांगा, माझ्या जागी एखादा थंड डोक्याचा माणूस असता तर त्यानं काय वेगळं केलं असतं?

थंड डोक्याचा माणूस मी नाही, हे मान्य. निमगाव सावात माझ्या रागाची ओळख करून द्यावी लागत नाही. मुहूर्त टळायला लागला म्हणून मी माझ्याच लग्नात, बाशिंग बांधून, भटजीवर तापलो होतो. पण ग्रीसमध्ये जो तापलो त्याला कारण होतं, आणि अजून ते आठवलं की माझी कानशिलं गरम होतात.

आता निमगावचा कांदा-द्राक्षं करणारा माणूस ग्रीसला कशाला तडफडला, असं विचाराल. तर आमचा संदीप मालवाहू बोटीवर इंजिनात होता. विहिरीत पोहायला शिकलेलं पोरगं, आणि गेलं थेट समुद्रावर. महिनोन्‌महिने पाण्यात. त्याची आई, म्हणजे आमची मंदा, शिनोलीची लेक. बाईचा जन्म भीमाशंकरच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याला गेलेला. समुद्र तिनं टीव्हीवर पाहिला, तोसुद्धा वादळाच्या बातम्यांत. जगात कुठंही वादळ आलं तरी तिला वाटायचं, त्यात आपलंच पोरगं आहे. मी चिडायचो. म्हणायचो, "अगं, ते वादळ जपानला हाय, आपला गडी आफ्रिकेला हाय." ती म्हणायची, "पानी तर एकच हाय ना?"

शेवटी तिनं समुद्रालाच नवस केला. माझ्या पोराला पाण्यावरनं उतरव, जमिनीवर नोकरी लागू दे, मी येऊन तुझी ओटी भरीन.

आणि समुद्रानं ऐकलं की हो! त्याच कंपनीच्या कचेरीत संदीपला खुर्चीतली नोकरी लागली. पण कचेरी होती ग्रीसमध्ये, पिरायस नावाच्या बंदरावर. मंदानं फोनवर त्याला दम भरला, "वटी भरून हुईस्तवर बोटीवर पाय ठिवायचा न्हाई. साध्या व्हडीत बी न्हाई." पोरगं आईचं सगळं ऐकतं. माझं ऐकत नाही, ते जाऊ द्या.

ओटी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडं नवं पाणी दिसलं की ओटी. विहिरीला पाणी लागलं, ओटी. कॅनॉलला पाणी सुटलं, ओटी. नारळ, हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या. एकदा पाण्यात सोडली की ती पाण्याची झाली, आपण मागं वळून बघायचं नाही. खालच्या अंगाला पोरं नारळ काढून खातात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण खातात बिचारी गुपचूप. घरी आणून देत नाहीत.

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा.

तर ओतूरच्या बाजारातून शेंडीचा चांगला नारळ घेतला आणि विमानानं निघालो. मुंबईच्या विमानतळावर एका साहेबानं तो नारळ कानाशी धरून हलवला. मी म्हटलं, "पाणी हाय, आन्‌ गोड हाय, पण मिळायचा नाय." मंदानं मला कोपर मारलं. तिथूनच माझं डोकं फिरायला लागलं होतं.

पिरायसला पोचलो तर बंदरातलं पाणी काळं, वर तेलाचा तवंग. मंदा काठावर जाऊन बघून आली आणि म्हणाली, "ह्या घाणीत देवाची वटी सोडू? तुमची अक्कल कुठं गेली?" माझी अक्कल! जसं काही ते तेल मीच ओतलं होतं.

मग संदीपनं युक्ती काढली. त्याच्या कचेरीतल्या मित्राची एक मावशी कुठल्याशा बेटावर राहायची. बेटाचं नाव माझ्या जिभेला अजून वळत नाही. तिथं कोळ्यांची लहान लहान गावं, स्वच्छ पाणी, निवांत जागा. मावशीकडं खोली आहे, चार दिवस राहा, ओटी सोडा आणि या. तो स्वतः काही आला नाही. कसा येणार? आईची अट. आम्हाला बोटीत बसवलं आणि आपण धक्क्यावरून हात हलवत राहिला. मंदानं सगळा प्रवास डोळे मिटून केला.

गाव कसलं, आपल्या एका आळीएवढी घरं. पांढऱ्या भिंती, निळी दारं, धक्क्याला बांधलेल्या रंगीत होड्या. माणसांपेक्षा मांजरं जास्त. एका दोरीवर आठ-आठ पायांचे कसले प्राणी वाळत घातलेले. मंदानं विचारलं, "अवो, हे काय हाय?" मी म्हटलं, "बघू नगं, फुडं चल."

आणि शांतता! लोक म्हणे ह्या शांततेसाठी लांबलांबून येतात. मला पहिल्या तासातच संताप आला. माणसानं माणसाला हाक मारू नये? एखादी मोटार चालू करू नये? दुपारी तर अख्खं गाव दारं लावून झोपायचं. चहा नाहीच. कॉफी यायची ती बोटभर पेल्यात, आणि त्यातही खाली निम्मा गाळ. मी मावशीला, तिचं नाव मारिया, विचारलं की बाई, तुमच्या घरात गाळणं नाही का? मराठीतच विचारलं. माझं इंग्रजी खताच्या गोणीवरचं, तिचं त्याहून कमी. ती हसली आणि आणखी एक पेला गाळ आणून दिला.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा अंघोळ करून हिरवं लुगडं नेसून तयार झाली. धक्क्याच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या, तिथं आम्ही गेलो. शेजारीच एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा जाळं शिवत बसला होता. समोर कॉफीच्या दुकानात चारपाच बाप्ये. सगळे बघत होते, पण बघू देत. मंदानं पाण्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, बराच वेळ पुटपुटली आणि खणात बांधलेली ओटी अलगद सोडली. ओटी डुलत डुलत निघाली. मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "सुटले बाई एकदाची."

आम्ही वळलो. मागं धबकन आवाज झाला.

बघतो तर तो म्हातारा विजारीसकट पाण्यात! सपासप हात मारत गेला, ओटी धरली, डोक्यावर उंच केली. दुकानातले बाप्ये उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. म्हातारा निथळत पायऱ्या चढून वर आला, ओटी मंदाच्या हातात दिली आणि तिच्यापुढं मान खाली घालून उभा राहिला. हलेना.

मी म्हटलं, "बाबा, ते पडलेलं नाय. वाहिलेलं हाय. देवाला." तो तसाच मान खाली घालून उभा. मला वाटलं, बक्षिसी मागतोय. म्हणजे बघा, एक तर आमचा नवस मोडलास, वर बक्षिसी? मी त्याच्यावर असा खेकसलो की धक्क्यावरची मांजरं पळाली. म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याचा चेहरा एकदम पडला. पण मी कशाला बघतोय त्याच्या चेहऱ्याकडं?

खोलीवर येऊन मंदा म्हणाली, "वटी माघारी आली."

"आली नाय, आनली. त्या म्हाताऱ्यानं."

"समुद्रानं सोडली तवाच त्याला गावली ना?"

शिनोलीच्या बाईशी वाद घालून कोण जिंकलंय?

मग मी डोकं चालवलं. दुपारी गाव झोपलं की काठाकाठानं पलीकडच्या गावात जायचं, तिथं कुणी नसताना ओटी सोडायची. उन्हात घाम गाळत, शेरडांच्या वाटेनं, आम्ही त्या दुसऱ्या गावाला गेलो. ते गाव पहिल्यापेक्षा लहान. सगळी दारं बंद. मंदानं पुन्हा हात जोडले, पुन्हा ओटी सोडली. ह्या वेळी मी वळलो नाही. खडकाआड दिसेनाशी होईपर्यंत पहारा देत उभा राहिलो. मग माघारी आलो. मला इतकं बरं वाटलं की संध्याकाळी मी त्यांची ती गाळाची कॉफीसुद्धा मागून घेतली.

पेला ओठाला लावतोय तोच भोंगा वाजवत पावाची गाडी आली. गावोगाव पाव टाकणारा गडी, स्टावरोस, खाली उतरला. केस ओले, अंगात दुसऱ्या कुणाचा तरी सदरा, आणि हातात उंच धरलेली आमची ओटी. हिरव्या खणाची माणसं त्या किनाऱ्यावर दोनच. त्याला पत्ता शोधावा लागला नाही. पुन्हा सगळे उभे, पुन्हा टाळ्या. सकाळचा म्हातारा, योर्गो त्याचं नाव, त्यानं स्टावरोसची पाठ थोपटली. जत्रेत कुस्ती मारून आलेल्या पैलवानाची थोपटतात ना, तशी. आणि स्टावरोस मंदापुढं येऊन, मान खाली घालून, उभा.

मंदानं ओटी घेतली आणि खोलीत गेली. जेवली नाही. मी समजूत घालायला गेलो तर भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "दोन डाव माघारी दिली त्यानं. त्याला वटी नकोच हाय. त्याला माझं पोरगंच पायजे."

मंदा रडली की मला राग येतो. दुसरं काही येतच नाही मला. बायको रडतीये, लोक टाळ्या वाजवतायत, आणि मी मान डोलावत बसायचं? रात्रभर दातओठ खात काढली.

सकाळी उठलो, ओटी उचलली, मंदाला सोबत घेतलं आणि तडक कॉफीच्या दुकानात. योर्गो होता, स्टावरोस होता, सगळेच होते. मी ओटी टेबलावर आपटली आणि गाठ सोडली. ओले तांदूळ, हळकुंड, नारळ, बांगड्या, सगळं पसरलं. आणि तोंड सोडलं.

"हे काय खेळनं वाटलं काय तुमाला? हे हिचं हाय!" मी मंदाकडं बोट केलं. "ह्या बाईचा जीव हाय ह्याच्यात! हिच्या कुकवाचा, हिच्या पोराचा सवाल हाय!" मी तिच्या कपाळाकडं बोट दाखवलं, गळ्याकडं दाखवलं, मग ओटीकडं, मग समुद्राकडं. "आन्‌ तुमी खुशाल हात लावता? कुनी शिकवलं हे तुमाला?"

मंदाच्या गळ्यात तेव्हा नुसती काळी पोत होती. सोन्याचं मंगळसूत्र मीच घरी ठेवायला लावलं होतं, परदेशात चोऱ्या होतात म्हणून.

सगळ्यांनी ओटीकडं पाहिलं, मंदाच्या गळ्याकडं पाहिलं, समुद्राकडं पाहिलं. योर्गो लालबुंद झाला. उठला, आणि त्यानं विजारीचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. स्टावरोसनंही काढले. मला वाटलं, हे आता गरिबी दाखवतायत. मी म्हटलं, "खिसे कशाला दावता? मला तुमच्याकडनं काय बी नगं! समुद्रात जाऊ द्या, समुद्रात! तिकडं आत, लांब, खोल!" आणि हात लांब करून दाखवलं, किती खोल ते.

झालं. सगळे उठले. कुणी घरं उठवायला पळालं, कुणी होड्या सोडल्या. तेवढ्यात काळा झगा आणि लांब दाढीवाला त्यांचा भटजीही धावत आला. भटजी आलेला बघितला आणि माझा राग निम्मा उतरला. म्हटलं, समजलं ह्यांना. आता सगळं गाव मिळून विधीनं आपली ओटी सोडणार. मी कमरेवर हात ठेवून धक्क्यावर उभा राहिलो. मंदाला म्हटलं, "बघितलं? चार शब्द खडसावल्याबिगर जगात काय होत नाय."

होड्या आत गेल्या. तोंडाला काचा लावून गडी पाण्यात उड्या मारायला लागले. मी काठावरून हातवारे करत ओरडत होतो, "अजून आत! अजून खोल!" आणि ते बिचारे अजून खोल जात होते.

मंदा म्हणाली, "अवो."

"काय?"

"वटी तर हितंच ऱ्हायली."

वळून बघतो तर ओटी दुकानातल्या टेबलावरच होती. एक मांजर नारळ हुंगत होतं.

"मंग ते पान्यात काय सोडायला गेल्यात?" मंदा म्हणाली. "रिकाम्या हातानं जात्यात आन्‌ रिकाम्या हातानं वर येत्यात. आन्‌ ती मारिया बघा, चाळन घिऊन वाळू चाळतीया."

खरंच की. मारिया आणि चारपाच बाया पायऱ्यांजवळची वाळू चाळत बसल्या होत्या. मला काही उमगेना, आणि उमगलं नाही की मला राग येतो. तेवढ्यात मारियानं चाळण खाली ठेवली, घरात गेली आणि थोड्या वेळानं मला फोनवर बोलावलं. तिनं संदीपला लावला होता.

"अण्णा, सोनं कसं काय पडलं पाण्यात?" संदीप.

"कुनाचं सोनं?"

"मारियामावशी म्हणतात, सोनं हरवलंय, अख्खं गाव शोधतंय. तुम्ही नक्की काय बोललात त्यांना?"

"मी काय बोलनार? मी वटीचं बोललो. त्यांचं सोनं पडलं त्याला मी काय करू? तू कचेरीत कामं कर तुझी!" आणि फोन आपटला.

फोन आपटला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे गावातल्या कुणाचं तरी सोनं समुद्रात पडलंय! म्हणून खिसे दाखवत होते. आमच्याकडं नाही, असं एकमेकांना सांगत होते. म्हणून वाळू चाळतायत. आणि मी इथं त्यांना ओटी ओटी करत बसलो. कोळ्याचं घर, त्यात सोन्याचा एखादा डाग असणार, तोही गेला. मला राग येतो तसा कळवळाही लगेच येतो. मी सदरा काढला, लेंगा काढला आणि चड्डी-बनियनवर धक्क्यावरून उडी टाकली.

एका म्हातारीनं छातीवर बोटं टेकवून देवाचं नाव घेतलं.

आपण विहिरीत सूर मारलेली माणसं. तळाची घागर वर काढणारी. पण विहिरीच्या पाण्यानं डोळे जळत नाहीत हो. ते पाणी नाकातोंडात गेलं की जीव नकोसा होतो. तरी मी दिवसभर बुड्या मारल्या. खडकांच्या खाली हात घातले. एका बिळातून कसला तरी पाय बाहेर आला आणि मनगटाला चिकटला, तोही झटकून टाकला. आणि वर येऊन दम खाताना ज्याचं सोनं पडलं त्याच्या नावानं बोटं मोडली. योर्गो माझ्याच शेजारी खडक धरून धापा टाकत होता. त्याला म्हटलं, "कोन हाय रं हा गलथान मानूस? सोनं सांभाळता येत नाय तर बायकोला घालतो कशाला? एकाच्या बावळटपनापायी सगळ्या गावाच्या जिवाला घोर. असल्याला चाबकानं फोडला पायजे."

योर्गोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी भटजीनं माझ्या अंगावर घोंगडी टाकली. मारियानं गरम सूप दिलं. आणि एकेक घर भेटायला यायला लागलं. बाप्ये माझा हात दोन्ही हातांत धरायचे, बाया मंदाच्या गालावरून हात फिरवायच्या. मला वाटलं, किती भली माणसं, दुःख ह्यांचं आणि चौकशी माझी. मीही प्रत्येकाला धीर दिला, "मिळंल, मिळंल. देव हाय." ते त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणायचे, बहुतेक तेच. असं सांत्वन मी जन्मात कुणाचं केलं नाही, आणि माझंही कुणी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची बोट लागली. मंदा आणि मी धक्क्यावरच होतो. बोटीतून माणसं उतरायला लागली आणि मंदानं एकदम माझा दंड धरला. बघतो तर संदीप. बोटीतून. समुद्रावरून.

"आई, मी तरी काय करणार?" तो जवळ येऊन म्हणाला. "अण्णांनी फोन आपटला. नंतर मावशी रडत सांगत होत्या, अण्णा स्वतः समुद्रात उतरलेत, कुणाचं ऐकत नाहीत. मला वाटलं, त्यांचं डोकं फिरलं."

मंदा माझ्याकडं बघत होती. तिच्या बघण्याचं मी वर्णन करणार नाही.

संदीप दुकानात गेला, योर्गो, स्टावरोस, भटजी, सगळ्यांशी बराच वेळ बोलला. थोडं इंग्रजी, थोडं ग्रीक, बाकी हातवारे. बोलता बोलता त्याचे कान लाल होत गेले. ते त्यानं माझ्याकडून घेतलंय. मग तो माझ्याकडं वळला.

"अण्णा, सोनं तुमचं हरवलंय."

"माझं?"

"आईच्या गळ्यातलं. ओटीत ठेवलेलं. ते बाहेर काढताना पाण्यात पडलं नाहीतर ह्या लोकांनी चोरलं, असं काल सकाळी तुम्हीच ह्याच टेबलावर ओरडून सांगितलंत. ह्या माणसांनी तुम्हाला खिसे उलटे करून दाखवले. तरी तुम्ही म्हणालात, आत जा, खोल शोधा."

मी मंदाच्या गळ्यातल्या काळ्या पोतीकडं पाहिलं.

"आणि दुसरं. ह्यांच्यात थंडीच्या दिवसांत सणाला भटजी समुद्रात क्रूस टाकतो. गडी उड्या मारून तो काढतात. जो काढून आणेल त्याला वर्षभराचा आशीर्वाद. आईनं हात जोडून ओटी सोडली तेव्हा योर्गोकाकांना कळलं की हे देवाचं आहे. ह्या वयात त्यांनी उडी मारली. ओटी आणून दिली आणि आशीर्वादासाठी आईपुढं मान वाकवली. तेव्हा तुम्ही त्यांच्यावर खेकसलात."

मी म्हटलं, "मंग तसं आधी सांगायचं व्हतं की त्यांनी."

"कुठल्या भाषेत, अण्णा?"

मला वाटलं, आता योर्गो आपल्याला समुद्रात ढकलणार. पण त्यानं टेबलावरची ओटी पुढं ओढली, तांदूळ एक एक करून खणात गोळा केले, गाठ मारली आणि मंदापुढं धरली. मग आपल्या होडीकडं हात केला. मंदा पुढं झाली आणि तिनं त्याच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला. दुकानातला एकही माणूस टाळी वाजवायला उठला नाही.

होडीत बसताना मंदा पोराला म्हणाली, "बस तू बी. बोटीवर आलाच हाईस, आता आनि काय ऱ्हायलंय?"

धक्का लांब गेला तेव्हा योर्गोनं इंजिन बंद केलं आणि टोपी काढली. मंदानं ओटी पाण्यावर ठेवली. ओटी गेली, गेली, नारळाची शेंडी तेवढी दिसत राहिली, मग तीही दिसेना. कुणी हललं नाही. मंदा मात्र हात जोडून पुटपुटतच होती.

परत येताना मी विचारलं, "नवस तर फेडायचा व्हता. एवढा येळ काय मागत व्हतीस?"

"त्यो फेडला. नवा बोलले."

"आता आनि कसला?"

"पोरगं बोटीवर आलं, ते काय समुद्रानं वढलं? इतकी वरसं उगीच त्याला भ्याले मी. तुमच्या रागानं वढलं पोराला. तवा म्हनलं, बाबा, ह्यांचा राग तेवढा उतरव. उतरला की परत हितं यीन, तुझ्या दोन वट्या भरीन."

संदीपनं ते योर्गोला सांगितलं. कशाला सांगायचं? योर्गो इतका हसला की होडी हलायला लागली. आणि मला जो संताप आला म्हणता!

तुम्ही हसताय. हसा. संदीप अजून तिकडंच आहे. दर उन्हाळ्यात फोन करतो, योर्गोकाका विचारतायत, आईअण्णा कधी येताय? मी फोनकडं हात करतो, पण उचलते ती मंदाच. आणि दर वेळी त्याला तेच सांगते.

"अजून न्हाई रं बाबा. आत्ताच दूधवाल्यावर वराडलेत."